खजिन्याचं पाणी

होडी धक्क्याला लागली, की माणसांच्या आधी त्यांचे मोबाइल उतरत. हात वर, मोबाइल त्याहून वर, आणि पाय कुठे पडतोय याचा पत्ता नाही. एखादा शेवाळलेल्या पायरीवरून घसरून सपशेल बसे, आणि उठता उठता बेटालाच शिव्या घाले. बखर हे सगळं धक्क्यावरच्या कट्ट्यावर बसून बघे आणि मनातल्या मनात म्हणे, ‘आला, आजचा माल आला.’

बखर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते होडीवाल्याने ठेवलेलं. बेटावरच्या किल्ल्याचा इतिहास तो इतकी वर्षं इतक्या लोकांना इतक्या तऱ्हांनी सांगत आला होता, की तो दिसला रे दिसला की होडीवाला लांबूनच ओरडे, “आली बघा आमची बखर!” आणि मग पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला हा बाप्या मोठ्या ऐटीत पुढे येई. नाव टिंगलीचं होतं, पण त्याला ते आवडे. कुणाला पाव्हणा म्हणतात, कुणाला टकल्या म्हणतात. त्या मानाने बखर म्हणजे भारदस्तच की.

बेटावर दाखवण्यासारखी ठिकाणं पुष्कळ होती. महादरवाजा, तोफ, अंधारकोठडी, राणीचा महाल, टोकाला दीपगृह. बघणारे मात्र एकाहून एक नग. तोफेपाशी गेलं, की कुणीतरी आपलं कार्टं तिच्या तोंडात बसवणार आणि विचारणार, “ही अजून चालते का हो?” अंधारकोठडीत शिरलं, की “इथं लाइट का नाही?” म्हणून तक्रार. राणीच्या महालाच्या आता चार भिंती उरल्या होत्या. तिथे एक बाई नाक मुरडून म्हणाली होती, “एवढ्याशा खोलीत राहायची राणी? आमचं बाथरूम मोठं आहे याहून.” आणि भिंती तर बघवत नसत. बदामात बाण, बाणाच्या दोन्ही टोकांना नावं. “एवढा किल्ला बांधूनसुद्धा राजाला स्वतःचं नाव कोरायचं सुचलं नाही,” बखर म्हणे, “आणि यांना एक खिळा सापडला की पुरे!” हे तो त्यांच्या तोंडावर म्हणे, आणि ते हसत. आपल्याला बोललेलं नाही अशी प्रत्येकाची खात्री असे. शेजारच्याला बोललंय.

बखरीला या लोकांची मनापासून कीव येई, आणि कीव कमी पडली की किळस. घरी बायकोला तो नकला करून दाखवे. तिने एकदा विचारलं होतं, “इतका राग येतो तर सोडून का देत नाही?” त्यावर तो उखडला होता. राग येतो म्हणून का कुणी धंदा सोडतं? आणि खरं सांगायचं तर राग त्याला हवाच असे. रोज सकाळी होडीभर गाढवं यावीत आणि त्यांच्यात आपण एकटे शहाणे असावं, याच्यासारखं सुख नाही.

आता या शहाण्याला इतिहास कुठून आला, ते बघा. बखर आणि त्याची थोरली बहीण जन्माने किल्ल्यातलेच. महादरवाजाची कडी लावणं-काढणं हे त्यांच्या बापाचं काम. बापाकडून दोन गोष्टी ऐकलेल्या, चार बखरीने स्वतः रचलेल्या. किल्ल्यात पूर्वी घरांची अख्खी ओळ होती. एकेक कुटुंब समोरच्या किनाऱ्यावर गेलं. शाळा तिकडे, दवाखाना तिकडे, नोकऱ्याही तिकडेच. बखरही लग्नानंतर तिकडेच गेला, आणि रोज सकाळच्या होडीने कामाला येऊ लागला. राहिली ती ताई, आणि तिच्यासारखी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं. ताईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन किनाऱ्यावर नांदत होती आणि ‘इकडे ये, इकडे ये’ म्हणून आईचे कान खाई. ताई म्हणे, “माझं पाणी इथं आहे, मी तिकडे येऊन काय करू?”

ताई हे उगाच म्हणत नसे. तिच्या दारासमोरच किल्ल्याचा खजिना होता.

खजिना म्हणजे काय, हे आता फोड करून सांगावं लागतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. पाण्याच्या मोठ्या साठ्याला जुनी माणसं खजिना म्हणतात. ज्या कुणी हा किल्ला बांधला त्याने आधी खडक फोडून हा भलाथोरला हौद खणला होता. उतरायला आतून पायऱ्या. पावसात तो काठोकाठ भरे आणि पुढच्या पावसापर्यंत पुरे. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध हे गोड पाणी, त्याच्यावरच तर किल्ला जगला. बखर लहान असताना आई म्हणे, “जा, खजिन्यावर जाऊन ये,” की दोघं भावंडं कळशी घेऊन निघत. कळशी ताईच्या कमरेवर, बखर तिच्या पदराला. वाटेत तो हमखास दमे. मग एका कमरेवर कळशी आणि दुसऱ्या कमरेवर भाऊ, अशी ती घरी येई.

एका दुपारी काय झालं, एक टोपीवाला पर्यटक जांभया देत बखरीच्या मागून फिरत होता. दरवाजाला जांभई, तोफेला जांभई, राणीला तर दोन. ताईच्या दारापाशी आल्यावर त्याने खाली बोट दाखवून विचारलं, “आणि ते काय?”

“खजिना,” बखर म्हणाला.

जांभई अर्ध्यात थांबली. “खजिना? इथं? खरोखरचा?”

‘पाण्याचा’ एवढा एकच शब्द पुढे जोडायचा होता. जोडला असता तर टोपीवाल्याची जांभई पुरी झाली असती आणि ही गोष्टही तिथेच संपली असती. पण दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी बखरीच्या तोंडाकडे बघत होतं. त्याने आवाज खाली आणला. “खरोखरचा म्हणजे? तळाशी आहे. राजाने शेवटच्या लढाईआधी बुडवला. अजून कुणाच्या हाताला लागलेला नाही.”

झालं. त्या दिवसापासून खजिना हे बेटावरचं सगळ्यात गर्दीचं ठिकाण झालं. गोष्टही बाळसं धरू लागली. आधी नुसतं सोनं होतं, मग राणीचे दागिने आले, मग ते काढायला गेलेला एक सरदार पायरीवरून परत आलाच नाही. लोक काठावरून वाकवाकून बघत. पाण्यात आपलंच थोबाड दिसे, तरी म्हणत, “काहीतरी चमकतंय!”

ताईने बखरीला चुलीपाशी बोलावून झापलं. ती तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी चहा करी. “माझ्या पाण्यात लोक वाकतात, थुंकतात, काल एकीची चप्पल पडली आत. आम्ही ते पितो रे!”

“जाळी टाक वरून,” बखर म्हणाला. “आणि लोक थांबतात म्हणूनच चहा खपतो ना तुझा?”

“चहा नाही प्याला कुणी तरी चालेल. तू थापा मारायच्या बंद कर.”

“ताई, त्यांना खरं सांगून काय उपयोग? त्यांची लायकी आहे का खरं ऐकायची?”

ताईने त्याच्याकडे बघितलं. “त्यांच्या लायकीचं तू नको सांगू,” ती म्हणाली आणि चहा गाळायला लागली. जाळी मात्र तिने टाकली. मुलीच्या नवऱ्याकडून आणवली आणि स्वतः चारी कोपरे बांधले.

अशी बरीच वर्षं गेली. मग मॅडम आल्या.

मॅडम पर्यटन खात्याच्या. तरुण, हसतमुख, डोळ्यांवर भला मोठा काळा चष्मा, आणि तोंडात सारखं ‘अनुभव’. बेट नुसतं बघायचं नाही, त्याचा अनुभव घ्यायचा. त्यांनी बखरीची अख्खी फेरी मोबाइलवर टिपून घेतली, आणि खजिन्यापाशी आल्यावर टाळीच वाजवली. “हेच! हेच आपलं आकर्षण!” पाणी उपसायचं, तळ मोकळा करायचा, दिवे सोडायचे, वरून काचेचा पूल. तळाशी खरंच काही निघालं तर काय, जगभर नाव होईल. आणि बखरीला त्या खात्यातर्फे मुख्य मार्गदर्शक नेमणार होत्या. निळी टोपी, छातीवर बिल्ला. बखरीने आजवर पर्यटकांच्या टोप्यांची यथेच्छ टवाळी केली होती. ही टोपी मात्र त्याला फार शोभिवंत वाटली.

ताई हात पुसत बाहेर आली. “बाई, ते उपसू नका. आमचं प्यायचं पाणी आहे ते.”

“हो आजी, पाणी वर आहेच. आपला खजिना खाली आहे.”

“खाली काही नाही हो! पाणी, पाणी म्हणजेच खजिना!”

मॅडमनी चष्मा वर सरकवला. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी तरळलं. “किती सुंदर विचार आहे, आजी! पाणी हाच खरा खजिना. परत एकदा म्हणता? इकडे बघून?” आणि त्यांनी ताईला मोबाइलमध्ये धरलं.

ताई दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा ओरडून म्हणाली. जितकं ओरडली तितकं मॅडमना ते जास्त आवडलं. तुमच्यासाठी रोज किनाऱ्यावरून पाण्याची बोट येईल, काळजी करू नका, असं सांगून त्या गेल्या. शिकलेल्या माणसाला एकदा सुविचार सापडला, की त्याच्यामागे तहानलेलं माणूस उभं आहे हे दिसत नाही.

पंप यायच्या आदल्या संध्याकाळी ताईने बखरीला होडीपर्यंत सोबत केली. एरवी ती धक्क्यावर येत नसे, गुडघे दुखत. “माझं बोलणं त्यांच्या डोक्यात शिरत नाही,” ती म्हणाली. “तुझं शिरेल. तू सांगितलंस म्हणून ते मानतात. तूच सांग, की गोष्ट रचलेली आहे.”

“सांगतो.”

“सगळ्यांसमोर सांगावं लागेल. कानात सांगून ती बाई ऐकायची नाही.”

“सांगतो म्हटलं ना, ताई!”

“पाऊस अजून लांब आहे रे,” ताई म्हणाली. एवढंच म्हणाली. भावाकडे तिने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

बखरीने ते मनावर घेतलं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. रात्रभर त्याने वाक्य जुळवलं. ‘खजिना म्हणजे पाण्याचा साठा, बाकी सगळी माझी मौज.’ साधं वाक्य. मौज म्हटलं की लोक हसतील, मॅडमही हसतील, आणि पंप परत जाईल.

पंप सकाळच्या पहिल्याच होडीने आला. त्याच्यामागून माणसं. बातम्यांवाल्यांचा कॅमेरा आला, खात्यातले तीनचार जण आले, आणि नाताळच्या सुट्टीवर आलेली मंडळी तर इतकी, की काठावर पाय ठेवायला जागा नाही. ताईची जाळी कुणीतरी काढून गुंडाळून तिच्याच दारात टाकली होती. ताई उंबऱ्यात उभी होती. मॅडमनी बखरीच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने निळी टोपी घातली, टाळ्या पडल्या, आणि कॅमेरा त्याच्याकडे वळला.

“सांगा,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या शब्दांत.”

बखरीने घसा साफ केला. “खजिना म्हणजे... खरं तर...”

“खरं तर काय?” पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला. खांद्यावर पोर, हातात अर्धं खाल्लेलं कणीस.

बखरीने समोर बघितलं. तीच सगळी थोबाडं. तोफेत पोर बसवणारे, भिंतीवर बदाम काढणारे, जांभया देणारे. आयुष्यभर त्याने यांना कस्पटासमान मानलं होतं. आता हेच लोक एका क्षणात त्याच्यावर हसणार होते. थापाड्या म्हणणार होते. तो कणीसवाला घरी जाऊन बायकोला त्याची नक्कल करून दाखवणार होता. ज्यांच्या मताला त्याने कधी काडीची किंमत दिली नव्हती, त्यांच्यासमोर फजिती व्हायची त्याला एवढी भीती होती, हे त्याचं त्यालाच आजवर ठाऊक नव्हतं.

“खरं तर,” बखर म्हणाला, “तळाशी किती आहे, हे कुणालाच माहीत नाही.”

काठावर शिट्ट्या झाल्या. उंबऱ्यातून ताई आत गेली. पंप सुरू झाला.

जाड नळी तटावरून बाहेर सोडली होती. दिवसभर ते गोड पाणी धो धो समुद्रात पडत होतं, आणि लोक तिकडे पाठ करून तळाकडे टक लावून बसले होते. पाणी उतरेल तशा हिरव्या पायऱ्या उघड्या पडल्या. दुपार कलली तेव्हा तळ दिसला. गाळ, दोन फुटक्या बादल्या, एक चप्पल, आणि गाळाने भरलेल्या ढीगभर प्लास्टिकच्या बाटल्या, जाळी यायच्या आधी मंडळींनीच टाकलेल्या. कामगारांनी फावड्याने गाळ इकडचा तिकडे केला. खाली खडक.

“पण मग खजिना कुठाय?” मॅडम म्हणाल्या.

ताई केव्हा बाहेर आली होती कुणाला कळलं नाही. “सकाळपासून नळीनं समुद्रात सोडताय की,” ती म्हणाली.

कुणीतरी हसलं, मग दहा जण हसले. मॅडम लालबुंद झाल्या, पण त्याही शेवटी हसल्या. लोककथांचं असंच असतं, असं त्यांनी कॅमेऱ्याला सांगितलं. बखरीकडे बोटसुद्धा कुणी दाखवलं नाही. कणीसवाल्याने उलट त्याचा हात हातात घेऊन दाबला. “गोष्ट छान सांगता हो तुम्ही,” म्हणाला. टोपी डोक्यावर राहिली, बिल्लाही राहिला. बखरीने ताईकडे बघितलं, तर ती गुंडाळलेली जाळी उलगडून घडी घालत होती. घडी नीट बसेना, म्हणून पुन्हा उलगडत होती.

पाण्याची बोट आधी रोज आली. मग एक दिवसाआड. मग भरतीमुळे, मग इंधनामुळे, मग साहेबांच्या बदलीमुळे. दिव्यांचं आणि काचेच्या पुलाचं तर कुणी नावही काढेना. ताई दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन धक्क्यावर येई, आणि बोट नाही म्हटल्यावर तशीच रिकामी परते. बखर किनाऱ्यावरून येताना तिच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणी आणि दारात ठेवी. संध्याकाळी त्या जागच्या जागी असत, झाकणही न उघडलेलं. शेजारची घरं एकेक करून उठली. शेवटी मुलगी येऊन ताईला घेऊन गेली.

निघताना बखर सामान उचलायला पुढे झाला. “ताई, माझ्याकडे चल. घर मोठं आहे, दिवसभर नळाला पाणी असतं.”

“तुझ्याकडचं पाणी नको मला,” ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बखरीला बरं वाटलं असतं. आपली ट्रंक तिने त्याला उचलू दिली नाही, होडीवाल्याकडे दिली.

पावसाआधीचा, उन्हाळी सुट्टीचा हंगाम आला तशी होडी पुन्हा भरून येऊ लागली. बखर निळी टोपी घालून फेऱ्या मारी. दरवाजा, तोफ, कोठडी, महाल. कोरड्या हौदापाशी तो पावलं उचलून पुढे निघून जाई, पण एका घोळक्यातली बाई ताईच्या बंद दारापाशी थबकली. खिडकीच्या गजांतून तिने आत डोकावलं. थंड पडलेली चूल, भिंतीत एक फळी, खाली जमिनीवर कळश्या ठेवून ठेवून पडलेले गोल डाग.

“इथं कोण राहायचं हो?” बाईने विचारलं.

बाकीची मंडळीही वळली. मोबाइल वर झाले. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“राणीची दासी,” बखर म्हणाला. “राणीला पाणी भरून द्यायची.”

“अय्या! मग काय झालं तिचं?”

“पाणी आटलं.”

“म्हणजे मेली?”

समोरच्या किनाऱ्यावर भाचीचं घर होतं. होडीतून उतरून चालत गेलं तरी चहा उकळायच्या आत पोचता येई. ताई गेल्यापासून बखर तिकडे एकदाही फिरकला नव्हता. बाई वाट बघत होती. घोळका वाट बघत होता. गोष्टीला शेवट लागतो.

“मेली,” बखर म्हणाला.

बाई हळहळली. तिच्या नवऱ्याने खिडकीचा फोटो घेतला, मग तिला खिडकीपाशी उभं करून आणखी एक घेतला. जिने आपल्याला कमरेवर वागवलं तिला आपण भरदिवसा, चारचौघांत, एका परक्या बाईच्या करमणुकीसाठी मारून टाकलं, हे बखरीला लख्ख कळलं. आणि आजवर या लोकांची त्याला जी किळस यायची, तीच त्याला पहिल्यांदा स्वतःची आली.

“पुढे काय आहे बघायला?” कुणीतरी विचारलं.

“दीपगृह,” बखर म्हणाला, आणि टोपी सारखी करून चालू लागला.